वाचक विचारतात : विजेची गाडी आणि कोळशाचा हिशोब

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचा विषय एकच होता : विजेवरच्या गाडीने कार्बन खरोखर कमी होतो का? माझी सारी नोकरी कोळशावरच्या वीजकेंद्रात, कार्यक्षमता विभागात गेली. एक युनिट वीज काढायला काल किती कोळसा जळला, हे रोज सकाळी मांडायचं, हेच माझं काम होतं. त्यामुळे यावेळचं सगळं सदर या एका विषयाला देतो आहे. जिथे आकडा माझ्या अंदाजाचा आहे तिथे तसं म्हटलं आहे.

आम्हाला गाडी घ्यायची आहे. मी कराडला राहते आणि शाळा साताऱ्यात. रोज जाऊन-येऊन शंभरेक किलोमीटर होतात. मुलगी म्हणते, घ्यायची तर इलेक्ट्रिकच. धाकटे दीर म्हणतात, "वहिनी, वीज कोळशातूनच येते. धूर इथे काढा नाहीतर तिथे, फरक काय?" शिवाय कोयना आमच्या इतक्या जवळ, मग आमची गाडी पाण्याच्या विजेवर चालणार नाही का?
— एक शिक्षिका, कराड

ताई, तुमच्या दिरांची शंका रास्त आहे आणि तिला उत्तर आकड्यांनीच द्यायला हवं.

आधी कोयनेचं सांगतो. कोयनेची क्षमता १,९६० मेगावॅटच्या आसपास आहे. पण वीजनिर्मितीसाठी पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर कृष्णा पाणीतंटा लवादाने वर्षाला साडेसदुसष्ट टीएमसीची मर्यादा घातली आहे. म्हणून ते पाणी जपून, मुख्यतः मागणी चढते त्या तासांना वापरतात. आणि ग्रिड म्हणजे गावची एकच टाकी. कोयनेचं, चंद्रपूरचं, तारापूरचं, धुळ्याच्या सौर पॅनेलचं सगळं तिच्यात पडतं, आणि नळाला येतं ते मिसळलेलं. धरण जवळ आहे म्हणून कराडच्या प्लगमध्ये वेगळी वीज येत नाही.

त्या मिसळलेल्या विजेचा हिशोब केंद्रीय विद्युत प्राधिकरण दरवर्षी प्रसिद्ध करतं. देशात सरासरी एका युनिटमागे, म्हणजे ते केंद्राच्या दारातून बाहेर पडताना, साधारण ०.७२ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत गेलेला असतो. ते घरी पोचेपर्यंत तारांत आणि ट्रान्सफॉर्मरमध्ये गळती होते. ती पंधरा टक्के धरू. खाणीतली डिझेलवरची यंत्रं आणि मालगाड्या यांच्यासाठी मी अजून थोडं धरतो. मग तुमच्या प्लगपाशी एक युनिट ०.९ किलोला पडतं.

आता पेट्रोल. लिटरभर पेट्रोलचं वजन पाऊण किलो, पण ते जळल्यावर २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो, कारण पेट्रोलमधल्या कार्बनला हवेतला ऑक्सिजन येऊन मिळतो. कच्चं तेल उपसणं, जहाजाने आणणं, रिफायनरीत शुद्ध करणं, टँकरने पंपावर नेणं, याचा पाचवा हिस्सा वर चढतो. म्हणजे लिटरला साधारण २.८ किलो. (इथेनॉलचा प्रश्न पुढे आला आहे, तिथे बोलतो.)

मध्यम आकाराची उंच पेट्रोल गाडी घेतलीत असं धरू; ती हायवेवर पंधराचं मायलेज देईल. किलोमीटरला १८७ ग्रॅम झाले. तीच गाडी विजेवरची असेल तर शंभर किलोमीटरला प्लगमधून सोळा युनिटं ओढेल, यात चार्जरची गळती आली. किलोमीटरला १४४ ग्रॅम. फरक ४३ ग्रॅमचा. तिच्यातल्या चाळीस युनिटांच्या बॅटरीच्या निर्मितीतच सुमारे तीन टन कार्बन खर्च झालेला असतो, तो आधी फेडायचा. दर किलोमीटरला ४३ ग्रॅम या दराने तो सत्तर हजार किलोमीटरला फिटतो. शाळेचे दिवस धरून तुमचं वर्षाला बावीस हजार होत असेल, तर तीन वर्षं आणि वर काही महिने. पुढे जे वाचतं ते निव्वळ. गाडी दोन लाख किलोमीटर चालली तर सगळं मिळून पंधरा टक्क्यांच्या आसपास कमी.

पंधरा टक्के ऐकून मुलगी खट्टू होईल. पण हे गणित आजची वीज पुढची दहा वर्षं अशीच राहील असं धरून केलेलं आहे. आयसीसीटी या स्वतंत्र संशोधन संस्थेने २०२१ मध्ये गाडीच्या पूर्ण आयुष्याचा हिशोब मांडला, तेव्हा भारतातल्या मध्यम गाडीसाठी बचत १९ ते ३४ टक्के आली. वीज हळूहळू स्वच्छ होत जाईल हे त्यांनी त्यात धरलं होतं. त्याच अभ्यासात युरोपची बचत ६६ ते ६९ टक्के होती. त्यांच्या गाड्या काही वेगळ्या नाहीत, त्यांची वीज वेगळी आहे. नॉर्वेत तर जवळजवळ सगळी वीज पाण्याची; तिथे २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या दर दहा नव्या गाड्यांतल्या जवळपास नऊ विजेवरच्या होत्या आणि त्यांचा प्रत्येक किलोमीटर खराच स्वच्छ आहे.

दिरांना एक गोष्ट मात्र नक्की सांगा : "इथे जाळा नाहीतर तिथे जाळा, एकच" हे बरोबर नाही. गाडीचं इंजिन पेट्रोलमधल्या उष्णतेतली पाव हिस्सा कशीबशी चाकाला देतं, बाकी रेडिएटर आणि सायलेन्सरमधून जाते. वीजकेंद्र पस्तीस टक्क्यांच्या पुढेमागे काढतं आणि मोटर मिळालेल्या विजेतली पंच्याऐंशी टक्क्यांहून जास्त चाकाला देते. कोळसा पेट्रोलपेक्षा मळका असूनही विजेची गाडी पुढे राहते ती यामुळे. शहरात तर फार पुढे राहते. सिग्नलला पेट्रोल गाडी उभ्याउभ्या जळते आणि ब्रेक लावला की मिळवलेला वेग तापून वाया जातो; विजेची गाडी उभी असताना मोटर फिरवत नाही आणि ब्रेक लावताना वीज परत बॅटरीत घालते. पुण्याच्या गर्दीत तीच पेट्रोल गाडी अकरावर येते, म्हणजे २५५ ग्रॅम. विजेची तिथे शंभर किलोमीटरला चौदा युनिटं ओढते, म्हणजे १२६ ग्रॅम. तिथे निम्म्याने फरक आहे. तुमचा रस्ता हायवेचा आहे, म्हणून तुमचा फायदा लहान.

आणि ताई, तुम्ही विचारलं नाहीत तरी लिहितो. त्या रस्त्याला एसटी आहे. भरलेली डिझेल एसटी माणशी किलोमीटरला वीस ग्रॅमच्या आतबाहेर काढते. ते वेळेच्या दृष्टीने जमत नसेल तर त्याच बाजूच्या शाळांमधल्या तिघी-चौघी एका गाडीत बसा. एकट्याने चालवलेल्या कुठल्याही गाडीपेक्षा तो हिशोब चांगला निघेल.

आमच्या सोसायटीने ट्रान्सफॉर्मरवरचा भार टाळायला ठराव केला आहे की गाड्या रात्री अकरानंतरच चार्ज करायच्या. रात्री मागणी कमी असते, तेव्हाची वीज जास्त पर्यावरणपूरक असते असंही सभेत सांगण्यात आलं. हे बरोबर आहे का?
— सचिव, एक गृहनिर्माण संस्था, पुणे

ट्रान्सफॉर्मरचं कारण खरं आहे. दुसरं कारण चूक आहे, आणि हा मुद्दा या सदरातला सर्वांत महत्त्वाचा आहे असं मला वाटतं.

वरच्या उत्तरात मी सरासरी वापरली. पण कळव्याच्या भार प्रेषण केंद्रात, म्हणजे आमच्या बोलीत 'एलडी'ला, सरासरी नावाची गोष्ट चालत नाही. तिथे दर पंधरा मिनिटांच्या तुकड्यांत हिशोब असतो : एवढी मागणी वाढली, कोणाला उचलायला सांगू? रात्री दोन वाजता सूर्य नाही. अणुकेंद्र आपल्या ठरल्या लोडवर आहे. पाणी जपून ठेवायचं आहे. म्हणजे उचलायला सांगतात ते कोळशाच्या वीजनिर्मिती संचाला. फोन यायचा, "लोड घ्या", आणि आम्ही मिल, म्हणजे कोळसा दळायची चक्की, चढवायचो. तुमच्या सोसायटीत त्या वेळी लागलेला प्लग म्हणजे त्या मिलमध्ये पडलेला जादा कोळसा.

जुन्या संचाचं एक युनिट दारातच किलोभर कार्बनला पडतं, गळती धरून घरी १.१८ किलो. या हिशोबाने हायवेवर चालणारी गाडी किलोमीटरला १८९ ग्रॅमवर येते. म्हणजे पेट्रोल गाडीइतकीच. शहरात चालणारी १६५ ग्रॅम, म्हणजे अजूनही पेट्रोलपेक्षा बरीच बरी, पण अर्धी म्हणता येणार नाही.

आता दुपार पाहा. गेल्या काही वर्षांत सौर वीज इतकी वाढली आहे की उन्हाच्या तासांत कोळशाच्या संचांना लोड खाली आणायला सांगतात, याला बॅकिंग डाऊन म्हणतात. पंचावन्न टक्क्यांच्या खाली संच न्यायचा नाही असा दंडक आहे. त्या पातळीवर संच धड चालत नाही, एका युनिटला जास्त कोळसा खातो. आणि संध्याकाळी सूर्य गेला की त्याच संचाला भराभर वर चढायचं असतं. बॉयलरच्या नळ्यांना हे रोजचं तापणं-निवणं सोसत नाही. ज्या दुपारी कोळशाचे संच तळाला टेकलेले असतात तेव्हा तुम्ही प्लग लावलात, तर तुमच्या गाडीत खरोखर सूर्य भरला जातो. राज्यात शेतीपंपांसाठी सौर कृषी वाहिनीचे १६,००० मेगावॅटचे प्रकल्प उभारायचं उद्दिष्ट आहे. ते जसजसं पुरं होईल तसतशी दुपार आणखी स्वस्त आणि स्वच्छ होईल.

म्हणून माझी सोसायटीला विनंती आहे. ठराव बदला. रात्री अकराऐवजी, जी गाडी घरी असेल तिने सकाळी नऊ ते चार या वेळात चार्ज करावं. निवृत्त माणसांच्या, घरून काम करणाऱ्यांच्या आणि सुटीच्या दिवशी सगळ्यांच्याच गाड्या तेव्हा खाली उभ्या असतात. त्या वेळी तुमच्या ट्रान्सफॉर्मरवरही भार कमीच असतो. स्मार्ट मीटर बसला असेल तर घरगुती ग्राहकाला दिवसाच्या वापरावर दरातही सवलत आहे, ती बिलावर तपासा. संध्याकाळी सहा ते रात्री दहा मात्र चार्जिंग कटाक्षाने बंद ठेवा.

कराडच्या ताईंनीही हे वाचावं. तुमची गाडी दुपारभर साताऱ्यात शाळेच्या आवारात उभी असणार. तिथे भिंतीवर १५ अँपिअरचा एक पॉइंट आणि साधा सबमीटर लावून घेतलात, तर सहा तासांत सोळा-सतरा युनिटं भरतील. तेवढीच तुम्हाला रोज लागतात. मुख्याध्यापकांना अर्ज करा, विजेचे पैसे स्वतः भरा. या एका पॉइंटने तुमच्या पंधरा टक्क्यांचे कितीतरी जास्त होतील.

मी यंत्रमागावर काम करतो. जुनी पेट्रोल स्कूटर काढून बॅटरीची घ्यावी का? कार्बनचा काही फायदा की फक्त पेट्रोल वाचतं?
— एक वाचक, इचलकरंजी

दोन्ही वाचतं, आणि गाडीपेक्षा स्कूटरचा हिशोब कितीतरी सरळ आहे. पंचेचाळीस मायलेज देणारी पेट्रोल स्कूटर किलोमीटरला ६२ ग्रॅम काढते. बॅटरीची स्कूटर शंभर किलोमीटरला साडेतीन युनिटं खाते, म्हणजे ३१ ग्रॅम. बॅटरी तीन युनिटांची, तिच्या निर्मितीचा कार्बन सव्वादोनशे किलो. सात-साडेसात हजार किलोमीटरला तो फिटला. रात्री कोळशावर चार्ज केलीत तरी पेट्रोलच्या स्कूटरपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी. घ्या.

आता पंपावर वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. आम्ही ऊस पिकवतो, त्यातूनही ते येतं. मग पेट्रोल गाडीच आता हिरवी झाली की नाही? आणि सीएनजीचं काय?
— एक शेतकरी, लातूर जिल्हा

काही प्रमाणात झाली, आणि ते मान्य करायला हवं. उसाने वाढताना जो कार्बन हवेतून घेतला तोच जळताना परत जातो, म्हणून लिटरमधला तो पाचवा हिस्सा जवळजवळ वगळता येतो. जवळजवळ म्हणतो, कारण खत, ट्रॅक्टर, वाहतूक, आसवनी यांचा कार्बन आहेच. शिवाय इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या दोन-तृतीयांशच ऊर्जा असते, त्यामुळे मायलेज काही टक्के पडतं. सगळं मिळून किलोमीटरमागचा कार्बन दहा टक्क्यांच्या आसपास उतरतो, असं माझं गणित येतं. कराडच्या ताईंच्या हिशोबात पेट्रोलचे १८७ ग्रॅम होते, ते या पेट्रोलवर १६८ धरावेत. म्हणजे त्यांचा फायदा आणखी बारीक होतो, आणि दुपारच्या चार्जिंगची गरज आणखी ठळक.

पण दादा, पाण्याची किंमत त्या ग्रॅममध्ये येत नाही. लातूरला २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं, हे तुम्हाला मी सांगायला नको. ऊस वाढवून गाड्या चालवाव्यात असं मी त्या जिल्ह्यात तरी म्हणणार नाही. त्याच शेताच्या बांधावर किंवा पडीक तुकड्यावर सौर पॅनेल लावलं तर एकरामागे गाडी कितीतरी पट जास्त धावते आणि त्याला पाणी लागतं ते फक्त काच पुसायला.

सीएनजीचं उत्तर छोटं. एक किलो सीएनजी जळून २.७५ किलो कार्बन डायऑक्साइड येतो. छोटी सीएनजी गाडी किलोला पंचवीस किलोमीटर गेली तर ११० ग्रॅम, मागचं पुढचं धरून १३० च्या जवळ. म्हणजे छोटी सीएनजी गाडी आजच्या सरासरी विजेवर चालणाऱ्या मोठ्या इलेक्ट्रिक गाडीच्या बरोबरीने येते. गाडीचा आकार हा इंधनाइतकाच मोठा प्रश्न आहे, आणि दुकानात तो कोणी विचारत नाही.

बॅटरी बनवतानाच इतका कार्बन जातो म्हणतात. तो जातो कुठे? आणि आठ वर्षांनी ती कचऱ्यात गेल्यावर काय?
— एक वाचक, डोंबिवली

बॅटरीच्या दर युनिट क्षमतेमागे साठ ते शंभर किलो असा ढोबळ पल्ला आहे, वर मी पंचाहत्तर धरला. निकेलचं खनिज शुद्ध करणं, ग्राफाइटला तीन हजार अंशांच्या जवळ भट्टीत तापवणं, आणि सेल जिथे भरतात त्या खोल्यांची हवा अगदी कोरडी ठेवणं, ही सगळी विजेची आणि उष्णतेची कामं. जगातले बहुतेक सेल चीनमध्ये बनतात आणि तिथली वीजही मोठ्या प्रमाणात कोळशाचीच. लोह-फॉस्फेट प्रकारच्या बॅटरीत, जिला विक्रेते एलएफपी म्हणतात, निकेल आणि कोबाल्ट दोन्ही नसतात. तिचा बोजा कमी असतो आणि ती टिकतेही जास्त.

आठ वर्षं ही वॉरंटीची मुदत आहे, बॅटरीची वयोमर्यादा नव्हे. क्षमता थोडी उतरलेली बॅटरी गाडीत पुढेही चालते, नंतर दुकानाच्या इन्व्हर्टरला किंवा सौर पंपाला चालू शकते. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुनी बॅटरी परत घेऊन तिच्यातले धातू काढण्याची जबाबदारी उत्पादकावर आहे. घेताना विक्रेत्याकडून हे लेखी घ्या. आणि पंचाहत्तर युनिटांची बॅटरी घेऊन वर्षाला पाच हजार किलोमीटर फिरणार असाल तर घेऊच नका. तिच्या निर्मितीचा कार्बन फिटायला दहा वर्षंही पुरणार नाहीत. तेवढ्या फिरण्याला घरात असलेली जुनी गाडी नीट सर्व्हिस करून वापरणं हेच योग्य.

पुण्या-मुंबईत हिरव्या नंबर प्लेटच्या गाड्या वाढल्या, तिथली हवा सुधारणार. त्या विजेचा धूर आणि राख मात्र आमच्या चंद्रपुरात. आमच्या मुलांच्या छातीत ती जाते. हा न्याय आहे का?
— एक आई, दुर्गापूर, चंद्रपूर

नाही, ताई, हा न्याय नाही.

मी ऊर्जानगरच्या वसाहतीत राहिलेलो आहे. वारा फिरला की दोरीवरचे कपडे परत धुवावे लागायचे. आपल्या कोळशात पस्तीस-चाळीस टक्के राखच असते. चंद्रपूरची क्षमता २,९२० मेगावॅट. सगळे संच भरल्या लोडवर असले तर दिवसाला चाळीस हजार टनांहून जास्त कोळसा लागतो. त्यातून उरते ती राख हजारो टनांची, रोजची. धूळ पकडणारी यंत्रणा चिमणीच्या आधी असते आणि ती नीट चालली तर बहुतेक राख अडवते, पण 'बहुतेक' या शब्दाबाहेर जे उरतं तेही थोडं नसतं. २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातली अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रं जाहीर केली, त्यात चंद्रपूर अगदी वरच्या क्रमांकांत होतं. त्यात वीजकेंद्राबरोबर खाणी, सिमेंट आणि इतर कारखानेही धरलेले होते.

कार्बन डायऑक्साइडला गाव नसतं. तो स्वारगेटला निघो की दुर्गापूरला, साऱ्या पृथ्वीला सारखाच तापवतो. गंधकाचा धूर आणि राख यांना मात्र गाव असतं, आणि ते तुमचं आहे. म्हणून "ग्रॅम कमी झाले" एवढं म्हणून मी तुमच्या पत्राचं उत्तर टाळणार नाही. डिसेंबर २०१५ मध्ये केंद्राने वीजकेंद्रांसाठी गंधक वायूची मर्यादा घातली, तिच्यासाठी चिमणीपूर्वी धूर धुणारी यंत्रणा बसवायला दोन वर्षं दिली. मग मुदत वाढत गेली, पुन्हा वाढली, आणि जुलै २०२५ मध्ये देशातल्या बहुतेक केंद्रांना त्या यंत्रणेच्या सक्तीतून सूटच मिळाली. अतिप्रदूषित क्षेत्रांजवळच्या केंद्रांचा निर्णय एकेक पाहून होणार असं ठरलं. चंद्रपूरच्या बाबतीत तो निर्णय यंत्रणा बसवण्याचाच व्हायला हवा. या मागणीवर तुमच्या ग्रामपंचायतीचा ठराव, डॉक्टरांच्या नोंदी आणि शाळांमधली दम्याची मुलं यांची माहिती एकत्र करून पाठवा. मसुदा लिहायला मदत लागली तर संपादकांकडे कळवा, मी करेन.

गाड्यांचा यातला वाटा किती, तेही सांगायला हवं. दहा लाख विजेच्या गाड्या वर्षाला प्रत्येकी बारा हजार किलोमीटर चालल्या तर त्यांना साधारण १९२ कोटी युनिटं लागतील. चंद्रपूरचं केंद्र सत्तर टक्के क्षमतेने चाललं तर वर्षाला १,८०० कोटींच्या जवळ युनिटं काढतं. म्हणजे दहा लाख गाड्या चंद्रपूरचा नववा-दहावा हिस्सा. तुमच्या डोक्यावरचा धूर आजवर आला तो गाड्यांमुळे नाही. कारखाने, एसी, पंप, आमचे सगळ्यांचे दिवे यांच्यामुळे. पण पुढे गाड्या वाढतील, आणि त्या रात्री चार्ज होत राहिल्या तर तुमचे जुने संच बंद व्हायच्या ऐवजी आणखी काही वर्षं ओढले जातील. पुण्याच्या सोसायटीला मी ज्या कळकळीने दुपारचं सांगितलं त्याचं हे खरं कारण आहे.

आणखी एक. देशाची वीज सरासरीने स्वच्छ होते आहे असं सगळे म्हणतात. २०२५ मध्ये देशाच्या एकूण क्षमतेत कोळसा-वायू सोडून इतर स्रोतांचा वाटा निम्म्यापर्यंत पोचला, ही मोठी गोष्ट आहे. पण क्षमता म्हणजे प्रत्यक्ष वीज नव्हे. सूर्य रात्री नसतो. प्रत्यक्ष विजेतला सत्तर टक्क्यांच्या पुढेमागे वाटा अजून कोळशाचाच आहे, आणि युनिटमागचा तो ०.७२ किलोचा आकडा गेली काही वर्षं ०.७१ ते ०.७३ यातच अडकून आहे, कारण सौर वीज वाढली तरी मागणी तिच्याहून जास्त वाढली आणि उरलेली कोळशाने भागवली. विजेच्या गाडीचं सगळं आश्वासन हा आकडा खाली येण्यावर उभं आहे. ऑगस्ट २०२५ पासून अटल सेतूवर विजेच्या गाड्यांना टोल माफ झाला. तीस-चाळीस लाखांच्या गाडीला टोल माफ करायला पैसे निघतात, तर साठवणुकीच्या बॅटऱ्यांना, पंप करून पाणी वर चढवणाऱ्या जलविद्युत प्रकल्पांना आणि चंद्रपूरच्या चिमणीला आधी निघायला हवेत. हे मी आमदारांना लिहिलं आहे आणि पुन्हा लिहिणार आहे.

मी ऑटो चालवतो. सीएनजीची जुनी झाली. ई-ऑटो घ्यावी म्हणतो. दिवसाला सव्वाशे किलोमीटर होतात. पर्यावरणाचं चांगलं होत असेल तर थोडं जास्त कर्ज काढीन. उन्हाळ्यात बॅटरी टिकेल का?
— एक ऑटोचालक, नागपूर

भाऊ, तुमच्यासारख्याने ती घेणं सगळ्यांत जास्त कामाचं आहे. दिवसभर शहरात, गर्दीत, सवारी चढव-उतरव करत जे वाहन चालतं तिथेच विजेचा फायदा सर्वाधिक. सीएनजी ऑटो किलोला पस्तीस गेली तर मागचं धरून किलोमीटरला ९५ ग्रॅमच्या जवळ. ई-ऑटो शंभर किलोमीटरला सात युनिटं खाते, म्हणजे ६३ ग्रॅम. तुमचं वर्षाचं फिरणं कराडच्या ताईंपेक्षा कितीतरी जास्त, त्यामुळे बॅटरीचा कार्बन वर्षाच्या आतच फिटतो.

नागपूरच्या उन्हाचं असं करा. एलएफपी बॅटरीच मागा. तुम्ही दुपारी एक ते चार सवारी कमी म्हणून थांबताच. तेव्हा झाडाखाली किंवा शेडमध्ये गाडी लावा, आल्याआल्या प्लग लावू नका, अर्धा तास बॅटरी निवू द्या, मग चार्ज करा. जलद चार्जर मे महिन्यात टाळा, साधा वापरा. दुपारी अर्धी भरली आणि रात्री उरलेली भरली की सव्वाशे किलोमीटर निघतात. कर्ज काढण्याआधी विक्रेत्याला तीन गोष्टी विचारा : बॅटरीची वॉरंटी किती किलोमीटरची, क्षमता किती टक्क्यांखाली गेली तर ती बदलून देणार, आणि नवी बॅटरी आज घ्यायची झाली तर किंमत काय. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर कागदावर देत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.